पाइपवरचं कुंकू

रविवार, संध्याकाळ. डोंबिवली.

गाडीतून आज परत शिट्टी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून येते. इंजिनाला हवा देणारा पाइप नवा बसवून घेतला, तेव्हापासूनच. बसवला नित्याने, माझ्या शाळेतल्या दोस्ताने, वागळे इस्टेटमधल्या त्याच्या गॅरेजात. "पॅक पीस आहे रे, डोळे झाकून घे," म्हणालेला.

शेवटी मीच पाइप सोडवला. उलटा करून बघितला तर खालच्या बाजूला बारीक तडा, त्यावर काळं सिलिकॉन फासलेलं. ठीक आहे, नवा मालही कधी खराब निघतो. पण तड्याशेजारी कुंकवाचं सुकलेलं बोट होतं.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात कुंकू नाही, दसऱ्याला गाडीची पूजा नाही. मग हे बोट कुणाचं? म्हणजे हा पाइप आधी कुणाच्या तरी गाडीत होता, आणि तिथेही शिट्टीच मारत असणार.

की मी उगाच संशय घेतोय? नित्यावर?

फोन केला. कुंकवाचं बोललो नाही, फक्त विचारलं, पाइप नवाच होता ना?

"आईशप्पथ नवा," लगेच म्हणाला. अडखळलासुद्धा नाही.

ते लाल बोट काही डोळ्यांसमोरून जात नाही. बाकी पाइप चकचकीत पुसलाय त्याने. फक्त कुंकू पुसायला हात धजला नाही, म्हणून ती बाजू खाली फिरवून बसवली.

देवाला भ्याला. मला नाही.