इंटरव्हलपर्यंतचा रिव्ह्यू

१२ जून, गुरुवार

आजपासून मी फिल्म रिव्ह्यूअर. फायनल.

चेन्नईत बसून मराठीत सिनेमाचे रिव्ह्यू देणारा एकही माणूस नाही. मी सगळीकडे शोधलं. म्हणजे कॉम्पिटिशन झीरो. रुचा म्हणाली, मग बघणारे पण झीरोच असतील. रुचा माझी बहीण. पाचवीत आहे. तिला मार्केट कळत नाही.

शाळा मी अकरावीत सोडली. क्वार्टर्समध्ये लोक म्हणतात, व्हायव्हाला घाबरून सोडली. तसं काही नाही. फिजिक्सच्या व्हायव्हाला माझं नाव पुकारलं तेव्हा मी बाथरूममध्ये विचार करत होतो. विचार संपेपर्यंत मॅडम घरी गेल्या होत्या. शाळेचं आणि माझं टायमिंग जुळत नव्हतं, एवढंच.

बाबांनी जेवताना परत आयटीआयचा विषय काढला. फिटरला अर्ज टाक म्हणाले. बाबा इथे आवडी नावाच्या उपनगरातल्या फॅक्टरीत आहेत, त्यांना दिसेल तो माणूस फिटर वाटतो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं. म्हणजे सांगणार होतो. तेवढ्यात ते हात धुवायला उठले.

१३ जून

चॅनलचं नाव ठरलं. 'गजू बोलतो'.

टेस्ट रेकॉर्डिंग केलं. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला, लाल ठिपका लागला, मी कॅमेऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. व्हिडिओत मी बोलत नाही, पण लायटिंग उत्तम आलंय. शेवटी आई तांदूळ घ्यायला आली आणि म्हणाली, काय रे गजू, पासपोर्टचा फोटो काढतोयस का?

बोलायला विषय पाहिजे. विषय नसताना कोणीच बोलू शकत नाही. रविवारी सिनेमा बघणार.

१५ जून, रविवार

अण्णा नगरच्या मॉलमध्ये जाऊन 'आयर्न लाँड्री' बघितला. तमिळ डब. फॅमिली पिक्चर आहे, रोबोट फायटिंगचा.

स्टोरी अशी. एका गावात रोबोट लोकांच्या कुस्त्या होतात. तिथे एक गरीब लाँड्री. तिथली मुलगी मीरा, आणि तिच्या आजोबांनी बनवलेला कपडे धुणारा रोबोट, नाव पिप. पिप बुटका आहे, पोटाला काचेचं गोल झाकण. चॅम्पियन रोबोट म्हणजे कर्नल. कर्नल चुकून लाँड्रीची भिंत पाडतो, मीरा त्याला भर बाजारात उद्धटपणे बोलते, आणि मॅच ठरते. पहिल्याच राउंडला कर्नल पिपचा हात उपटतो. पिप पाण्याच्या टाकीत पडतो. बुडबुडे येतात. मग बुडबुडे पण येत नाहीत. इंटरव्हल.

मी बाथरूमला गेलो. परत येताना एका काकांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं. कोणी दार धरलं तर आत जावंच लागतं, नाहीतर ते उद्धट दिसतं. गेलो. माझ्या नंबरची सीट पण रिकामी होती. स्क्रीनवर एक नवरी रडत होती. मला जाहिरात वाटली.

पंधरा मिनिटांनी जाहिरात संपली नाही तेव्हा लक्षात आलं की स्क्रीन वेगळा आहे.

उठता आलं असतं. पण मी रांगेच्या मधोमध, आणि कडेला एक ताता, म्हणजे आजोबा, पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेले. त्यांना पाय उचला म्हणायचं? हे माणुसकीत बसत नाही. शेजारच्या बाईंना वाटलं मी नवरीसाठी हळवा झालोय. त्यांनी मुरुक्कू दिला, म्हणजे इकडची चकली. सिनेमा चांगला होता. लग्न मोडलं.

१६ जून

विचार केला. अनुभवी रिव्ह्यूअरला पहिल्या भागावरून सगळं कळतं. भात शिजला की नाही बघायला आई एकच शीत दाबते.

रिव्ह्यू लिहायला घेतला. बारा मिनिटांचा होणार. आत्ता 'नमस्कार मित्रांनो' झालंय.

रुचा म्हणाली, शेवट नेटवर वाच ना. मी दुसऱ्यांचे रिव्ह्यू वाचत नाही. ओरिजिनॅलिटी जाते. (वाचले. सगळे म्हणतात शेवट सांगणार नाही, थिएटरमध्येच बघा.)

१८ जून

घरी राघोत्तमराव आले. मराठी मंडळाचे सेक्रेटरी. तंजावरचे मराठी आहेत, तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे लोक इकडे आले आणि मराठी पण तेव्हाचीच ठेवली. मंडळात अर्धे त्यांचे लोक, अर्धे आमच्यासारखे महाराष्ट्रातून बदलीवर आलेले. दोन्हीकडची पोरं खेळताना तमिळच बोलतात. म्हणून मंडळाचा नियम आहे, कुठलाही कार्यक्रम असो, आधी अर्धा तास मराठी. गेल्या वर्षी पोरांना वंडलूरच्या झूला नेलं, तेव्हा बस सोडायच्या आधी सगळ्या प्राण्यांची नावं मराठीत म्हणून घेतली होती. पाणघोडा म्हणेपर्यंत उशीर झाला.

या वेळी पोरांना 'आयर्न लाँड्री' दाखवणार आहेत. एकोणतीसला. सिनेमा तमिळ, म्हणून आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये गोष्ट मराठीत सांगायची. अख्खी.

राघोत्तमराव म्हणाले, तू पाहिलास नव्हे? मग तूच मुलांस कथा सांग पा.

मी म्हटलं, आधी सांगितली तर सस्पेन्स जाईल. (हे मी खरंच म्हटलं. हळू, पण म्हटलं.)

ते म्हणाले, हरिकथेस येणाऱ्यांस रामायण ठावें नसतं काय? ठावें असलेलीच कथा गोड लागते.

मी नाही म्हणणार होतो. पण बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, गजू, अर्धा तास लोकांपुढे उभं राहून अख्खी गोष्ट सांग. मग हे वर्ष तुझं. चॅनल काढ, काय वाटेल ते काढ, मी आयटीआयचं नाव घेणार नाही. नाही जमलं, तर सोमवारी सर्टिफिकेटं घेऊन माझ्याबरोबर चल.

मी हो म्हटलं. मोठ्या संधीला हो म्हणायचं असतं. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, अहो, हा दुकानात कोथिंबीर मागत नाही, बोट दाखवतो.

२० जून

दुसरा भाग बघायला परत मॉलला गेलो. एकदम प्रोफेशनल प्लॅन. इंटरव्हललाच आत शिरायचं, पहिला भाग पाठ आहेच.

तिकीट तपासायच्या जागी माझ्या जुन्या वर्गातली चार मुलं उभी होती. ती विचारणार, काय रे, सध्या काय करतोस? सांगायला वेळ लागला असता. मी एस्कलेटरने वर गेलो, खाली आलो, वर गेलो. मॉलचं निरीक्षण झालं. ती जाईपर्यंत शो संपला.

घरी आल्यावर आईने विचारलं, बघितलास? मी म्हटलं, हो, बघितलं. मॉल बघितला होता.

२३ जून

दुसरा भाग मीच तयार केला. पिपला नवा हात बसतो, मॅच होते, पिप जिंकतो. अजून काय होणार? फॅमिली पिक्चर आहे.

रुचाला सांगून बघितलं. ती म्हणाली, नवा हात कोण देतं? मी म्हटलं, मिळतो. ती म्हणाली, मीराकडे तर काही नाहीये, मग कुठून मिळतो? कर्नलने सॉरी म्हटलं का? आणि आजोबा कुठे गेले?

रुचा टार्गेट ऑडियन्स नाही.

२५ जून

बाथरूममध्ये प्रॅक्टिस. आवाज चांगला घुमतो. बुडबुड्यांपर्यंत सलग जमतं. मग थांबतो, परत 'एका गावात' पासून सुरू करतो. पाया पक्का पाहिजे.

आज आठव्यांदा पिप टाकीत पडला तेव्हा आई बाहेरून ओरडली, अरे काढ रे त्या बिचाऱ्याला बाहेर! रोज बुडवतोयस! आणि तू पण निघ, बाबांना आंघोळ करायचीय.

२७ जून

उद्या कार्यक्रम. कॉन्फिडन्स फुल. रात्री जेवलो नाही, पण ते सांबारामुळे.

बाबांनी माझा शर्ट स्वतः इस्त्री केला. कॉलर दोनदा केली.

२८ जून, शनिवार, संध्याकाळ

कार्यक्रम झाला. मी बोललो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे लोक काहीही म्हणतील.

स्टेजवरून सगळे दिसतात. हे कोणी आधी सांगत नाही. मी भिंतीवरच्या लाल फायर सिलिंडरकडे बघून गोष्ट सुरू केली. पुढच्या रांगेतल्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, जोरात रे पा, तो सिलिंडरच ऐकतो आहे. लोक हसले. मी जोरात बोललो. खरंच. लाँड्री झाली, भिंत झाली, मीरा बाजारात ओरडली तेव्हा मी पण थोडा ओरडलो. हात तुटला. टाकी. बुडबुडे. मग बुडबुडे पण नाहीत.

एक छोटी मुलगी तोंडात बोट घालून बघत होती, ते काढायला विसरली होती. मागे बाबा खुर्चीला न टेकता बसले होते.

मी पुढचं सांगायला तोंड उघडलं. नवा हात कोण देतं, हे आठवेना. म्हणजे आठवत होतं, कोणीच देत नाही.

मी म्हटलं, इंटरव्हल.

टाळ्या पडल्या. खायला बोंडे आले. मी पाणी प्यायला बाहेर पडलो. हॉलच्या पाण्याला वास येतो, म्हणून घरी आलो. थोडा बसून परत जाणार आहे. मोठे कलाकार वाट बघायला लावतात.

२९ जून, सकाळ

गेलो नाही. पाणी जास्त झालं.

रुचाने जे सांगितलं ते असं. बोंडे संपले. राघोत्तमरावांनी दोनदा माइकवर माझं नाव घेतलं. ती छोटी मुलगी रडायला लागली, पिप मेला म्हणून. मग आणखी चार रडायला लागली. बाबा उठून दारापर्यंत गेले, बाहेर बघितलं, परत येऊन बसले.

तेव्हा आई स्टेजवर गेली. पदर खोचून. माइक घेतला नाही, तिला लागत नाही. म्हणाली, रडताय कशाला गं? काढला त्याला बाहेर.

आईने सिनेमा बघितलेला नाही. तिने बाथरूमच्या बाहेरून पहिला भाग ऐकलाय फक्त.

आईच्या गोष्टीत पिपला नवा हात मिळत नाही. एका हाताने कपडे पिळता येत नाहीत, म्हणून पिळायला दुसऱ्या बाजूने मीरा धरते. गावाचे कपडे तसेच धुतात. मग एक दिवस मागच्या दाराने कर्नल येतो. चॅम्पियन झाल्यापासून त्याला कोणी पुसलेलं नसतं, सगळे घाबरतात. अंगावर ऑइलचे डाग. तो बोलत नाही, नुसता उभा राहतो. पिप म्हणतो, ये, बस, पण आधी पाय धू. मॅचच्या दिवशी अख्खं गाव स्टेडियममध्ये जमतं, तर रिंगच्या दोऱ्यांवर गावाचे कपडे वाळत घातलेले, आणि कर्नल चिमटे लावतोय.

अन्नपूर्णाबाईंनी डोळे पुसले. छोट्या मुलीने विचारलं, कर्नलने सॉरी म्हटलं का? आई म्हणाली, चिमटे लावतोय ना, अजून काय पाहिजे?

राघोत्तमरावांनी पुढच्या कार्यक्रमासाठी विद्युलताबाईंचं, म्हणजे आईचं, नाव जागच्या जागी लिहून घेतलं.

आई घरी आल्यावर मला म्हणाली, तुझा अर्धा भाग छान होता रे, म्हणून मला पुढचं सुचलं. मग म्हणाली, सांगून तरी जायचंस. बाबांनी कपाटातून माझी सर्टिफिकेटं काढून टेबलावर ठेवली.

२९ जून, संध्याकाळ

मंडळाच्या बसने सगळे सिनेमाला गेलो. या वेळी इंटरव्हलला जागेवरून हललो नाही. बाथरूमला जायचं होतं, तरी.

दुसऱ्या भागात एक शास्त्रज्ञ पिपला नवा हात देतो. मॅच होते. पिप जिंकतो. म्हणजे माझं सगळं बरोबर होतं! शब्द न् शब्द!

पोरांनी गोंधळ घातला. कपडे कुठेत, कपडे कुठेत. छोटी मुलगी तमिळमध्ये ओरडली की हे खोटं आहे. बाबा इंटरव्हलनंतर झोपले होते, ते आवाजाने जागे झाले, आणि मला म्हणाले, तुझ्या आईचं आलं का?

मी म्हटलं, नाही आलं.

मी बरोबर होतो, हे बसमध्ये सगळ्यांना सांगणार होतो. खिडकीजवळ जागा मिळाली, म्हणून बाहेर बघत बसलो.

३० जून, सोमवार

बाबांबरोबर आयटीआयला गेलो. स्कूटरवर बोलायचे मुद्दे तयार ठेवले होते. हेल्मेटमध्ये ऐकू जात नाही.

काउंटरवर क्लार्क होते. कागद बघत त्यांनी तमिळमध्ये विचारलं, तंबी, शाळा सोडून काय करत होतास? मी म्हटलं, रिव्ह्यू. कसला? सिनेमाचा. त्यांनी मान वर केली. म्हणाले, तो रोबोट फायटिंगचा लागलाय बघ, लाँड्रीवाला, पोरांना घेऊन जाऊ का रविवारी? कसा आहे?

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत होतं. मागे लाइन होती. माझ्याकडे बारा मिनिटांचं मटेरियल होतं. मी सुरुवात कुठून करायची ते ठरवलं, घसा साफ केला, आणि म्हणालो, परवाइल्ल.

म्हणजे, ठीक आहे. चेन्नईतल्या एकमेव मराठी रिव्ह्यूअरचा पहिला रिव्ह्यू. एक शब्द, तोही तमिळ.

क्लार्कना तो ऐकू गेला नाही. त्यांनी कानाला हात लावला. मग बाबा माझ्या खांद्यावरून पुढे वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, परवाइल्ल सार, नल्ला इरुक्कु, चांगला आहे, पोरांना घेऊन जा.

क्लार्कनी मान हलवली आणि फिटरवर शिक्का मारला.

बाबा अर्धा सिनेमा झोपले होते.