काट्यावरची रांग

३ जानेवारी
शिरवळच्या कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझरची एक जागा. मेडिकल २२ तारखेला. सतरा वर्षं मिलिटरीत काढलेल्या माणसाला मेडिकलचं काय कौतुक? युनिफॉर्म आधीच शिवून घेतला. जाता जाता कराडला रक्त तपासलं. बिलिरुबिन १.९, हवं १.२ च्या आत. डोळे किंचित पिवळे. नामुष्की.

५ जानेवारी
डॉक्टरीणबाई वयानं लहान. म्हणे, रक्तातल्या जुन्या लाल पेशी मोडतात, त्यातून पिवळा रंग निघतो, लिव्हर तो निस्तरून आतड्यात सोडतं, तिथून बाहेर. माझं लिव्हर जन्मापासून या कामात जरा सावकाश. रोग नाही, औषध नाही. फक्त उपाशी राहू नका.
मी लगेच ओळखलं. साखर कारखाना! लिव्हर म्हणजे वजनकाटा, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. ऊसतोडच थांबवली की रांग संपली. एवढं शिकून बाईंना हे सुचू नये. उद्यापासून एक वेळ जेवण.

१२ जानेवारी
२.७. लॅबचं मशीन बिघडलंय. दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. २.८. कराडात सगळीच मशीनं बिघडलीत.

१३ जानेवारी
लिव्हर टॉनिक. डबल डोस. बाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, औषधसुद्धा त्याच लिव्हरला निस्तरावं लागतं, बंद करा. फोन बंद केला.

१६ जानेवारी
बायकोला, दीपमालेला, काट्याचा सिद्धांत समजावला. भाकरी थापता थापता म्हणाली, “आवं, काट्यावरच्याच माणसाला उपाशी ठिवल्यावर त्यो गाड्या सोडंल व्हय?”
बायकांना कारखान्यातलं काय कळतं. तिचे वडील बत्तीस वर्षं काट्यावर होते, ते सोडा.

२२ जानेवारी, पहाटे
दोन दिवस फक्त पाणी. (शेंगदाण्याचा एक लाडू. तो धरत नाही.) पँट सैल होतेय. विजय नक्की.

२२ जानेवारी, संध्याकाळ
कंपनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, म्हणाले असं बऱ्याच जणांचं असतं, चालतं. मग मैदानाला चार फेऱ्या मारायला सांगितल्या. तिसऱ्या फेरीत जमीन वर आली.
डोळे उघडले तेव्हा आमच्या गावचा भाऊसो माझ्याच फाइलीनं वारा घालत होता. तोही उमेदवार. पोट सुटलेला, येताना दोन प्लेट मिसळ खाऊन आलेला. चार फेऱ्या पुऱ्या केल्या त्यानं, शेवटची चालत. जागा त्याला.
एसटीत रडू आलं. कुणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.

२९ जानेवारी
आठवडाभर दोन्ही वेळ पोटभर जेवतोय. दीपमाला वाढते, वर आणखी एक भाकरी ताटात टाकते. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
आज सहज रक्त दिलं. १.३. एवढा सुंदर रिपोर्ट जन्मात आला नव्हता.
दुपारी भाऊसो आला. सोमवारी हजर व्हायचंय, शिंप्याकडं गर्दी, म्हणून माझा युनिफॉर्म मागत होता. त्याला रिपोर्ट दाखवला. “लय भारी, दादा,” म्हणाला. “पँट कमरंत सैल करता यील न्हवं?”
येईल. आत दोन इंच कापड सोडलेलं आहे. मीच सांगितलं होतं शिंप्याला.