स्लोकमला पाणी हवे असेल तर

मी, हेस्टर क्विलन, एनॉस क्विलनची विधवा, राहणार सेज खिंड, वायोमिंग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. शंका असल्यास डॉक्टर प्रॅटना विचारावे. सकाळपासून मी त्यांच्याशी भांडते आहे.

आधी देहाविषयी. इथे दरोडेखोर मेला की त्याला शवपेटीत उभा करून दुकानाच्या काचेमागे ठेवतात आणि फोटो काढतात. माझे तसे करू नये. फोटोवाल्याने म्हणे आत्ताच जागा हेरून ठेवली आहे. वर्तमानपत्रवाल्याने तर मला ‘लाल चेटकीण’ करून टाकले. माझे केस कधीच लाल नव्हते. मी आगगाडी लुटली नाही, आगगाडीत बसलेसुद्धा नाही. माझ्या हातून माणूस मेलेला नाही. माझे पिस्तूल त्या वर्तमानपत्रवाल्यालाच द्यावे. त्याचाही नेम कधी बरोबर लागत नाही.

मी फक्त गिडियन स्लोकमची गुरे चोरली. दर वसंतात, मन लावून. का, ते इथे एकदाचे लिहिते, कारण सांगून सांगून तोंड दुखले.

आमच्या गुरांवर तापल्या लोखंडाने डागलेली घोड्याच्या नालेची खूण, स्लोकमच्या गुरांवर वर्तुळाची. हिवाळ्यात गुरांचे केस वाढतात, नालेचे उघडे तोंड झाकले जाते आणि ती वर्तुळासारखी दिसते. म्हणून इथले शेंबडे पोरही आधी केस कातरते, मग डाग वाचते. एनॉस गेला त्या जानेवारीत स्लोकम माणसे घेऊन आला आणि आमच्याच गाईकडे बोट दाखवून एनॉसला चोर म्हणाला.

मी म्हटले, “कातर आणते. तेवढा दम धर.”

तो म्हणाला, “मला केसांतूनही दिसतंय, हेस्टर. बाजूला हो.”

मी कातर घेऊन आले तेव्हा एनॉस झाडाला लटकत होता. मी तिथेच गाईचे केस कातरले. नालच होती. स्लोकमने पाहिले आणि घोडा वळवला. पुढे एनॉसच्या थडग्यावर ‘गुरेचोर’ अशी फळी त्यानेच ठोकून घेतली. मी उपटली की दुसरी येई. एनॉसने उभ्या जन्मात कोणाचा खिळासुद्धा उचलला नव्हता. मला अजून त्याच्यावाचून करमत नाही.

आता माझ्या जमिनीतला झरा. उन्हाळ्यात स्लोकमच्या गुरांना दुसरे पाणी नाही, म्हणून झरा त्यालाच देते. अट एकच. माझ्या कपड्यांच्या पेटीत त्या गाईचे डागासकट कातडे आहे. माझ्या दफनानंतरच्या पहिल्या रविवारी त्याने ते चर्चच्या दारात सर्वांसमोर हातात धरावे आणि खरे काय घडले ते सांगावे. मग स्वतःच्या हाताने ती फळी काढून नवी ठोकावी: ‘एनॉस क्विलन. गाय त्याचीच होती.’

त्याला हे जड गेले, तर झरा मेंढपाळ एलिसेओला, त्याच्या सगळ्या मेंढ्यांसकट. मेंढीचे नाव काढले तरी स्लोकमला जेवण जात नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

मला एनॉसशेजारी पुरावे. काढलेली जुनी फळी फेकू नये. ती माझ्या उशाशी ठोकावी. तिथे ती खरी आहे.

सही: हेस्टर क्विलन

साक्षीदार: डॉ. सायलस प्रॅट आणि टपालगाडीच्या ठाण्यावरील स्वयंपाकीण कॉर्डेलिया बूथ. दोघांनी वाचून, नको नको म्हणत सही केली.

सेज खिंड, मार्च १८९१