राजगिऱ्याच्या लाडवाचा चीजकेक

सिडको, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार

प्रिय रुसूबाई द्वारका,

जमला गं, जमला! चीजकेक जमला! घरात, माझ्या हातानं. ओव्हन नाय, अंडं नाय, बिस्किटसुद्धा नाय! फारूखला म्हटलं, थांब बाबा, आधी द्वारकामावशीला लिहिते, मग तुला वाढते. तू चार महिने माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. रागानं फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुला वाटतं, मी तुला टाळते. दिवाळीत तू नागपूरहून आलीस, कॅनॉटच्या त्या बेकरीत पुन्हा ने म्हणालीस, तर मी गुडघा दुखतोय म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी तू मला शहागंजात पिशवी घेऊन तरातरा चालताना पाहिलंस! वीस वर्षं वेरूळच्या शाळेत आपण एका डब्यात जेवलो, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. त्याचं कारण सांगणारच आहे. पण आधी केकचं ऐक, नाहीतर माझं पोट फुटेल.

पहिल्यांदा पार फजिती झाली. दोन लिटर दुधाचं दही लावलं, फडक्यात बांधून नळाला टांगलं. चक्का काय सुरेख उतरला! साखर घालून चाखला, तर मटणाच्या खलियाचा वास! मेलं ते फडकं मी ईदला खलियाच्या मसाल्याची पोटली बांधायला घेतलं होतं. चांगलं उकळून धुतलं होतं गं, तरी लवंग-दालचिनी त्यात ठाण मांडून बसलेली. फारूख हसून हसून लोळला, सोबत नान आणू का म्हणून विचारत होता.

मग गुलमंडीवरून कोरं मलमल आणलं. राजगिऱ्याचे लाडू चुरले, साजूक तुपात कालवले आणि वाटीच्या बुडानं तळाशी दाबून बसवले. चक्का, आटवलेल्या दुधाचा डबा आणि लिंबाची किसलेली साल एकत्र फेटून वरून ओतलं. चाळीस मिनिटं वाफवला, गार करून फ्रिजमध्ये ठेवला. आठ तास थांबायचं होतं, पण मला कुठला धीर! तीनदा उघडून पाहिलं. सुरी घातली तर अल्लाद वडी सुटली. लई भारी झालाय, द्वारका! खरवसासारखाच, पण आंबटगोड. आणि तुझ्या उपासालाही चालतो, म्हणून तर राजगिरा. केला कशात माहितीय? तुझ्या पातेल्यात. ज्यात आजवर फक्त तुझा चहा आणि तुझी साबुदाण्याची खिचडी झाली, ज्याच्या कडेला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, त्याच. तू मुलाकडं राहायला गेल्यापासून ते कपाटात पालथंच होतं.

आता ते कारण. तू नागपूरला निघालीस त्याच्या आदल्या दिवशी आपण त्या बेकरीत गेलो. अंडं नाही ना, मी दोनदा विचारलं. नाही म्हणाले. तू तो चीजकेक डोळे मिटून खाल्लास, दुसरा तुकडाही मागवलास. संध्याकाळी फारूख म्हणाला, असा केक घट्ट व्हायला बरेचदा जिलेटिन घालतात, ते जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. मी तशीच रिक्षा करून परत गेले, विचारलं. घातलं होतं. तुझ्या गळ्यात तीस वर्षांची तुळशीची माळ, आणि मी आग्रह करकरून तुला ते खाऊ घातलं! मलाही ते चालत नाही, मी तौबा केली. पण तुला सांगायची हिंमत झाली नाही. पुन्हा तिथं नेववेना आणि खरं बोलवेना, म्हणून तो गुडघा. भीती एकच होती गं, तू माझ्या हातचं खायचं बंद करशील. रागव, भांड, हव्या तितक्या शिव्या दे. पण येत्या चतुर्थीला ये. नवा चक्का टांगते, तुझं पातेलं घासून ठेवते. माझ्या हातचं खाशील ना?

तुझीच, अजून तरी,
कमरू