वेदीवरची मावशी

ती. एर्मेलिंदा मावशीस,

ग्रिसेल्दाचा गुडघे टेकून नमस्कार (उठताना बाक धरावा लागला). तब्येत कशी आहे? खरंच कशी आहे? नेहमीसारखं “मला काय धाड भरलीय” म्हणून उडवून लावू नकोस, जरा नीट बघून सांग.

इकडे टेक्सासात सगळं ठीक. माझ्या गणिताच्या वर्गात तुझा फोटो लावलाय, हे तुला ठाऊकच आहे. पुस्तकातल्या एकाही शास्त्रज्ञाचं आडनाव आमच्या पोरांसारखं नाही, म्हणून तिकडे मेक्सिकोत मॉन्तेरेला पूल बांधणारी माझी सख्खी मावशी भिंतीवर. परवा मृतांच्या सणाला पोरांना म्हटलं, घरातल्या गेलेल्यांपैकी ज्यांचं डोकं गणितात चालायचं त्यांचे फोटो आणा, वर्गातच वेदी मांडू. पोरांनी हौसेनं झेंडू, मेणबत्त्या, गोड पाव मांडले आणि (देवा, क्षमा कर) भिंतीवरून तुलाही उतरवून मधोमध बसवलं. जिवंत बाईचा फोटो वेदीवर! मी काढायला धावले, तेवढ्यात दोन्या कान्दिदा आत आली. ही नेरेइदाची आई. नेरेइदा म्हणजे माझी सगळ्यात हुशार पोरगी. तिला ह्यूस्टनला जाऊन इंजिनिअर व्हायचंय, आणि आईचं वर्षभर एकच पालुपद, “आपल्यातल्या पोरी एवढ्या लांब जात नाहीत, बाई.” कान्दिदानं तुझ्या फोटोकडे पाहिलं. खिडक्या बंद होत्या, तरी तुझ्यापुढचीच मेणबत्ती विझली. बाईचा चेहरा पांढराफटक. छातीवर क्रूस काढून तुलाच म्हणाली, “बरं बरं, पाठवते! असं बघू नका माझ्याकडे!” आता अशा वेळी मी काय तोंड उघडणार? मेणबत्ती तेवढी परत पेटवली.

तुझी,
ग्रिसेल्दा

ता. क. : नाताळात येते म्हणालीस. येऊ नकोस. नेरेइदा ह्यूस्टनला पोचेपर्यंत कृपा करून मेलेलीच राहा.

दुसरा ता. क. : आज सकाळी वर्गाचं कुलूप मीच काढलं. फळ्यावर अर्धं सोडवलेलं गणित होतं, पुलाच्या भाराचं, तुझ्या तिरक्या अक्षरात. रविवारपासून तू फोन उचलत नाहीस. मला फार भीती वाटतेय गं. बरी असशील तर फोन उचल आणि मला पोटभर शिव्या घाल. नसशील, तर ते गणित अर्धंच राहिलंय, आणि नेरेइदा फळ्यासमोरून हलायला तयार नाही.