माझी सरळ नजर आणि बबीची पाठ

३ जून, सोमवार
हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी जातात. फुकट का घालवायची? म्हणून आजपासून रोजनिशी. वाचणार कोणी नाही, त्यामुळे अक्षर बारीक काढायला हरकत नाही.

शाळेत मुलांची आरोग्य तपासणी झाली. नर्सबाईंनी बबीला पुढे वाकायला लावलं आणि घरी चिठ्ठी पाठवली. मुलीच्या पाठीच्या कण्याला बाक आहे, डावा खांदा खाली आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा. तेरा वर्षं पोर माझ्या डोळ्यांसमोर आहे, मला कधी दिसला नाही बाक! छडीसारखी सरळ. मी मॅट्रिकला भूमितीत वर्गात पहिली होते. काटकोन मला नुसत्या नजरेने कळतो. नाचता येईना अंगण वाकडं, तसं या नर्सबाईंचं.

५ जून, बुधवार
नर्सबाई खरं बोलत होत्या. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेवर रेघा मारल्या आणि म्हणाले, अठरा अंश. वाढीचं वय आहे, बाकही वाढू शकतो. ऑक्टोबरात पुन्हा फोटो. वाढला असेल तर पट्टा. पट्टा म्हणजे कमरेला बांधायचा असं मला वाटलं. पण त्यांनी कपाटातून काढून दाखवला. कडक प्लास्टिकचं जॅकेटच ते, काखेपासून कमरेखालपर्यंत, झोपतानासुद्धा घालायचं.

बबी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडली. नळ बंद कर म्हणायला गेले आणि दारावरूनच परत आले. वाहू दिलं पाणी.

आता प्रश्न हा की हे आलं कुठून. आमच्या माहेरचा बाणा मोडेन पण वाकणार नाही. यांच्याकडे मात्र सगळा आनंद. सासरे पोक काढून चालायचे, नणंदबाई खुर्चीत बसतात त्या सांडल्यासारख्या. यांना तसं स्पष्ट सांगितलं. हे म्हणाले, असेल. यांच्याशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्क्या मारायच्या.

संकल्प : बबीचा बाक जाईपर्यंत चहात साखर बंद. देवाला तसं सांगितलं आहे.

६ जून, गुरुवार
बिनसाखरेचा चहा काढ्यासारखा लागतो. मध म्हणजे साखर नव्हे. देवाला फरक कळतो.

१० जून, सोमवार
फिजिओबाईंकडे गेलो. बाई कसली, पोरगीच आहे, पण हात चांगला. रोज अर्ध्या तासाचे व्यायाम दाखवले. मग निळ्या लवचिक टेपची गुंडाळी काढली. बबीच्या पाठीवर पेन्सिलने खुणा केल्या, तुकडे कापले, त्यांचे कोपरे कात्रीने गोल केले आणि खुणांच्या कडेने अलगद चिकटवले. आंघोळ केली तरी निघत नाही म्हणे, चार दिवस टिकतो. मी विचारलं, किती दिवसांत सरळ करेल? म्हणाली, काकू, टेप हाड ओढत नाही. पाठ कलली की कातडीला जाणवतं आणि मूल आपणहून सावरतं, तेवढीच आठवण. खरं काम व्यायामाचं.

मुलीत विनय आहे. ओढायचा नसता तर लवचिक कशाला केला असता?

टेप घरी कसा लावायचा ते तिने मला शिकवलं. बबीला म्हटलं, आता काळजी सोड.

१४ जून, शुक्रवार
आज पहिल्यांदा मी टेप लावला. पेन्सिलच्या खुणा पुसट झाल्या होत्या, पण खुणा हव्यात कोणाला? नजर आहे. कोपरे गोल केले नाहीत, उगीच कातरणं वाया जातात. आणि चांगला ताणून लावला. ताणला की पुरतोही जास्त, ओढतोही जास्त. बबी किंचाळली. तिला समजावलं, सरळ व्हायचं म्हणजे थोडं सोसावं लागतं.

संध्याकाळी पाहिलं तर पोर छडीसारखी सरळ. एका दिवसात! डॉक्टर लोक उगाच घाबरवतात.

१६ जून, रविवार
टेपची टोकं सुटून फ्रॉकला चिकटली. पाठीवर लाल वळ, बबी दाराच्या चौकटीला पाठ घासत फिरते आहे. फिजिओबाईला फोन केला. पहिला प्रश्न, काकू, ताणलात का? म्हटलं, किंचित. म्हणाली, किंचित म्हणजे केवढा? मी म्हटलं, आवाज नीट येत नाही.

दोन दिवस पाठ मोकळी ठेवायची आहे. सोललेला टेप टाकवेना. बेसिनच्या गळक्या पाइपाला गुंडाळला. तिथे मात्र छान ओढून धरतो.

२ जुलै, मंगळवार
आजच्या तक्रारी. पर्सचा पट्टा डाव्या खांद्यावरून सारखा घसरतो. हल्ली पट्टेच निसरडे करतात. डावी चप्पल पुन्हा आधी झिजली. दुकानदाराला नेऊन दाखवली, तर म्हणतो, ताई, दोन्ही एकाच रबरातून कापलेल्या. न पटणारी गोष्ट. शिंपिणीने डावा खांदा याही वेळी ढगळ ठेवला. प्रार्थनेच्या हॉलमधलं माझं बाकडं एका अंगाला कलतं. तिथल्या व्यवस्थापकांना सांगितलं तर म्हणाले, गेल्या महिन्यातच तुम्हाला दुसरं दिलं ना? म्हटलं, तेही कलतं. माझी पाठ दुखते ती अशा बाकड्यांनी आणि घरच्या गादीने.

शिवाय सकाळी मी माळ घेऊन देवापुढे बसले की हे आणि बबी मागच्या खोलीचं दार लावून घेतात. आतून धपधप आवाज येतो. काय चाललंय विचारलं तर म्हणे, गप्पा. धपधप गप्पा! बबीला व्यायामाचं मी विचारतच नाही. टेप लावलाय की.

१४ जुलै, रविवार
नणंदबाई आल्या होत्या. बाहेरच्या खोलीतल्या आरशात केस सारखे करताना त्यांनी मान तिरपी केली. म्हणाल्या, वहिनी, तुमच्या घरी आलं की होडीत बसल्यासारखं वाटतं बाई. आरसा तिरका, फळी तिरकी, देवाची तसबीरसुद्धा तिरकी! मी म्हटलं, ताई, तुम्ही आधी खुर्चीत नीट बसा, मग सगळं सरळ दिसेल. बबीला खोकल्याची उबळ आली, ती आत पळाली.

त्या गेल्यावर यांना विचारलं, काय हो, आरसा तिरका आहे? म्हणाले, तुला सरळ दिसतो ना? मग झालं. घरातलं सगळं बावीस वर्षं हेच टांगतात. मी दाराशी उभी राहून सांगते, उजवी बाजू वर, अजून वर, हां, बस्स. तिरकं कसं असेल?

११ ऑगस्ट, रविवार
घात झाला. बबी उजवीकडे कलायला लागली आहे!

आठवडाभर संशय होता. आज तिला आरशासमोर उभी केली आणि आरशाच्या चौकटीशी ताडून पाहिलं. शंकाच नको. टेपने नको इतकं काम केलं, पोर दुसऱ्या बाजूला गेली. अति तिथे माती. उपाय सोपा आहे, उद्यापासून टेप उलट्या बाजूने. मधही आजपासून बंद.

१२ ऑगस्ट, सोमवार
बबीने टेप लावू दिला नाही. कात्री हातात घेऊन मी बोलावते आहे आणि ही पाठ भिंतीला टेकवून उभी. मला दुरुत्तर केलं. म्हणाली, आई, ऑक्टोबरात मला पट्टा लागला तर तो काय तू घालणार आहेस? आणि दार आपटलं.

आणि हे मध्ये पडले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, यापुढे टेप मी लावेन, फिजिओबाईकडून शिकून आलोय. कधी? म्हणाले, जूनमध्येच, ते वळ उठले तेव्हा. माझ्या पाठीमागे! मी म्हटलं, तुम्हाला सरळ काय आणि वाकडं काय, कळतं तरी का? हे माझ्याकडे बघत म्हणाले, थोडं थोडं.

पट्टा काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोर निजायच्या आधी एकेक बकल लावते आहे असं दिसतं. देवापुढे बसले तेव्हा माळेचे मणी चुकले. देवाला म्हटलं, तिचे अठरा अंश माझ्या अंगावर टाक. मला कुठे आता पट्ट्याची लाज वाटणार आहे?

३० ऑगस्ट, शुक्रवार
हे टेप लावतात ते पाहवत नाही. मोजपट्टी घेतात, खुणा करतात, सगळे कोपरे गोल. कातरणं मी डबीत जमवते आहे, कशाला ना कशाला लागतील. पर्समध्येच ठेवते, नाहीतर हे टाकून देतील.

बबी रोज जास्त उजवीकडे. बोलायची सोय नाही. घसा बसला म्हणून मध घेतला. औषध म्हणून.

२२ सप्टेंबर, रविवार
वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, तुमची बबी किती ताठ चालायला लागली हो! डोळे तपासून घ्या म्हणावंसं वाटलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार
उद्या फोटो. बबी जेवली नाही. हे तिला म्हणाले, काही झालं तरी आपण दोघं आहोत. मी म्हटलं, दोघं कोण? तिघं.

पट्टा अंगाला काचू नये म्हणून तीन सुती बंड्या शिवून ठेवल्या आहेत, जुन्या चादरीच्या. शिवण बाहेरून घेतली, म्हणजे टोचणार नाही. बबीला दाखवल्या नाहीत. ट्रंकेत तळाशी आहेत.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
सतरा!

डॉक्टर म्हणाले, एक अंश मोजण्यात इकडेतिकडे होतो, पण वाढला नाही ही मोठी गोष्ट. पट्टा नको. फिजिओबाईला मुद्दाम बोलावून घेतलं. ती बबीला म्हणाली, रोज सकाळी व्यायाम केलास म्हणून, एक दिवस चुकवला नाहीस. बबीने बापाला मिठी मारली. तेव्हा ती धपधप कसली होती ते माझ्या ध्यानात आलं.

तरी गप्प कशी बसणार? म्हटलं, डॉक्टरसाहेब, पोर उजवीकडे कलते आहे त्याचं काय? त्यांनी बबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फिजिओबाईकडे. तेवढ्यात मेली ती पर्स डाव्या खांद्यावरून घसरली. डबी उघडली आणि निळी कातरणं खोलीभर झाली. मी वेचायला वाकले. मागून फिजिओबाईचा आवाज आला, काकू, जरा तशाच राहा हं.

माझा फोटो काढला. सव्वीस अंश. डावा खांदा खाली. बहुतेक बबीच्या वयापासूनचा म्हणे. घराण्यात असू शकतं, काकू, यात कोणाची चूक नसते, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी यांच्याकडे बघितलं नाही. आज एकदा 'असेल' म्हणाले असते तर बरं झालं असतं.

परत येताना बबीने माझी पर्स आपल्या खांद्यावर घेतली. घसरली नाही.

देवाकडे अठरा मागितले होते. त्याने आधीच देऊन ठेवले होते, वर आठ जास्तीचे.

५ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी मागच्या खोलीत तिघं. पहिल्याच व्यायामाला गुडघ्यांत धरायची उशी माझ्याकडून सुटली. बबी मोजत होती, मध्येच हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची. आई, ढकलू नकोस, फक्त सावर, असं मला शिकवते.

मग पाठीला टेप. बबीने लावला. मी भिंतीकडे तोंड करून उभी. कात्रीचा आवाज येत होता, सगळे कोपरे गोल होत होते. मऊ होता तिचा हात.

यांना विचारलं, तुम्हाला कधी कळलं होतं? म्हणाले, या घरात पहिला आरसा टांगला त्या दिवशी. मी सरळ लावला होता, तू चार वेळा बदलायला लावलास. मग मला वाटलं, आरसा तिरका राहिला म्हणून काय बिघडतं? विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाले, मोडेन पण वाकणार नाही, असं तूच म्हणायचीस. तू वाकलीस पण मोडली नाहीस, मग मी कशाला मध्ये बोलू? बोलता बोलता यांनी मान जरा डावीकडे केली. माझ्याकडे बघताना ती तशी होते, हे आजवर ध्यानात आलं नव्हतं.

ट्रंकेतल्या बंड्या बबीला सापडल्या. एक घालून झोपली आहे, दुपारचीच.

सकाळचा चहा साखरेचा. बाक जाईपर्यंत बंद म्हटलं होतं खरं, पण ते फक्त बबीच्या बाकाबद्दल होतं, आणि तोही एक अंश गेलाच आहे.

यांनी सगळ्या तसबिरी, फळी आणि आरसा पट्टी लावून सरळ केले. आरशात मी तिरकी दिसते.

काच जुनी झाली असावी. बदलून घ्यायला हवी.