देवखोलच्या गादीची अकरा दिवसांची अट

मी, उल्का हेमचंद्र देवखोलकर, वय एकाहत्तर, राहणार बेडोक नॉर्थ, बारावा मजला, सिंगापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहिते. माझे गुडघे गेले आहेत, डावा डोळा अर्धा गेला आहे, डोकं मात्र शाबूत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. एकाने आणून पाहिला, तो माझा मुलगा; त्याचं पुढे येईलच. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी माझ्या नावावर काही नव्हतं.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारचे श्री. प्रबोध गजभिये यांनी करावी. ते तुआसला इंजिनीअर आहेत आणि दिलेला शब्द पाळतात. आमच्या घरात असा माणूस नसल्यामुळे बाहेरून घ्यावा लागला.

२. माझ्या सहाही लाकडी खुर्च्या प्रबोध यांना द्याव्यात. त्यांनी नको म्हटलं तरी द्याव्यात. माझे यजमान हयात असताना आमच्या घरात एकही खुर्ची नव्हती, कारण देवखोलच्या राजापेक्षा उंच कुणी बसायचं नाही, आणि राजा जमिनीवर गादी टाकून बसत असे. देवखोल म्हणजे अकरा गावांचं संस्थान. त्यातली दोन धरणात गेली, आणि एकाहत्तर साली दिल्लीच्या सरकारने सगळ्या संस्थानिकांच्या पदव्या रद्द केल्या. माझ्या यजमानांनी ती बातमी वाचली आणि दिल्ली सरकारला रद्द केलं. पुढे इथे तुआसच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. सकाळी निळा गणवेश घालून बस धरायचे. संध्याकाळी घरी आले की 'सरकार' व्हायचे, आणि मी त्यांचं जेवण होईपर्यंत उभी राहायचे. प्रबोध यांचा गुडघा दुखायचा तरी त्यांना फरशीवर बसवलं जाई. शेवटी त्याच प्रबोध यांनी सरकारांना अकरा दिवस उचलून संडासात नेलं. खुर्च्या त्याबद्दल आहेत.

३. माझ्या सोन्याच्या चार बांगड्या सून मीनल हिला द्याव्यात. तिने एकदा, नवऱ्याची नजर चुकवून, सासऱ्याच्या खोलीत ओला टॉवेल आणून दिला होता. एकदाच. म्हणून चारच बांगड्या. पाटल्या विकून टाकाव्यात.

४. हा फ्लॅट कलम ७ मधले अकरा दिवस संपल्यावर विकावा आणि पैसे नात ऋता हिच्या शिक्षणासाठी ठेवावेत. सीपीएफ, म्हणजे इथला भविष्यनिर्वाह निधी, मृत्युपत्रात येत नाही. त्याचं नॉमिनेशन मी वेगळं केलेलं आहे. मुकुलने शोधत बसू नये, त्याचं नाव तिथेही नाही.

५. आता मुकुल. माझा एकुलता एक मुलगा, बँकेत श्रीमंत लोकांची गुंतवणूक सांभाळतो. त्याच्या कार्डावर नावाआधी 'श्रीमंत राजे' छापलेलं आहे आणि ते पाहून गिऱ्हाईक खूश होतं म्हणे. त्याला माझ्याकडून तीन वस्तू हव्या आहेत: लाल मखमलीची गादी, शिरपेच आणि चांदीचा शिक्का. गादी आणि शिरपेच त्याचे बापाच्या जिवंतपणी वापरून झालेले आहेत. शिक्का त्याच्या हाती लागला नाही. पुढच्या वर्षी लंडनला जुन्या संस्थानिकांचा मेळावा आहे, आणि शिक्क्याच्या पत्राशिवाय तिथे राजा म्हणून आत घेत नाहीत. मागच्या चार महिन्यांत तो मला जितक्या वेळा भेटायला आला, तितक्या वेळा त्याआधीच्या चार वर्षांत आला नव्हता. दर वेळी पपई आणतो.

हा मजकूर तपासणाऱ्या वकीलबाईंनी मला विचारलं, "आँटी, पदवी मृत्युपत्रात कशी देणार? ती मालमत्ता नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे, मी वस्तू देते आहे, पदवी त्यांवर आपोआप बसते, धूळ बसते तशी.

६. आमच्या घराण्याची रीत इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढचं कलम वकीलबाईंना वेडेपणाचं वाटणार नाही. इंग्रजांकडे एकाचा श्वास थांबला की दुसरा आपसूक राजा; मुकुट वर्षभराने घातला तरी चालतो. मलायातल्या सुलतानांकडे जुन्याचं दफन होण्याआधी नव्याची द्वाही फिरते. आमच्याकडे गादीवर बसल्याशिवाय राजा नाही, आणि गादी क्षणभरही रिकामी ठेवायची नाही. एकदा बसलेला राजा उठवता येत नाही. नवा राजा जुन्याचं तोंड पाहत नाही, सुतक पाळत नाही, स्मशानात जात नाही, आणि अकरा दिवस गादीच्या घराचा उंबरा ओलांडत नाही. हे सगळं माझ्या यजमानांनी मुकुलला लहानपणी पाढ्यांबरोबर शिकवलं होतं.

रविवार, १२ मार्च २००६. यजमानांना इस्पितळातून घरी आणून चार दिवस झाले होते. दुपारी नर्स तपासून म्हणाली, "एनी टाइम नाऊ." मुकुलने पंचांग काढलं. पाचला राहुकाळ लागत होता, आणि राहुकाळात गादीवर बसायचं नाही. पावणेपाचला त्याने सिल्कचा अंगरखा घातला. बापाचा श्वास चालू होता. मुकुल म्हणाला, "आई, पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे." हॉलमध्ये गादी घातली, मुकुल बसला, शंख वाजला. शिरपेच मी बांधला. ओवाळलंही मीच. हे लपवत नाही.

पंचांग कोल्हापूरचं होतं आणि घड्याळ सिंगापूरचं. अडीच तासांचा फरक आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

खोलीत गेले तर यजमान डोळे उघडून माझ्याकडे पाहत होते. शंख त्यांनी ऐकला होता.

"कोण बसलं?"

"मुकुल."

"मग मी?"

एक्केचाळीस वर्षांत मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. म्हटलं, "तुम्ही हेमचंद्र."

त्यानंतर हेमचंद्र अकरा दिवस जगले.

मुकुल त्यांच्यापासून बारा पावलांवर, हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन गादीवर बसलेला होता. उंबरा ओलांडायचा नव्हता आणि जुन्याचं तोंड पाहायचं नव्हतं, म्हणून त्याने मागच्या खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलं. बँकेला वडील गेल्याचं कळवून झालं होतं. त्याशिवाय रजा मिळत नव्हती. तिसऱ्या दिवशी बँकेकडून पांढऱ्या फुलांचं चक्र आलं. दार उघडं राहिलं होतं, यजमानांना ते दिसलं. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दहाव्या मजल्यावरचे चिनी आजोबा. ते म्हणाले, "भला माणूस होता." दहाव्या मजल्यावरचे आजोबा अजून खाली रोज कॉफी पितात.

खरं लिहायचं तर ते अकरा दिवस मला सुखाचे गेले. मी त्यांच्या पलंगावर बसून जेवले. त्यांना साध्या वाटीतून पेज भरवली, त्यांनी मुकाट खाल्ली. मी भांडले, टोमणे मारले, एकदा तर तासभर उत्तरच दिलं नाही. माणसाची सत्ता गेली की तो किती मऊ होतो! मला त्यांची दया आली नाही असं नाही, पण उशिरा आली.

आठव्या दिवशी ते मुलाला हाका मारायला लागले. मुकुल, ए मुकुल. अर्धा तास. शेवटी मी दार उघडून हॉलमध्ये गेले आणि मुकुलला म्हटलं, "बाप बोलावतोय, ऊठ." त्याने स्क्रीनवरून मान वर केली नाही. म्हणाला, "त्यांना सांगा, सरकार कामात आहेत."

मी आत जाऊन तेच्या तेच सांगितलं. मला दुसरं काही सांगता आलं असतं. त्यांनी मान हलवली, उशीखालून शिक्का काढून माझ्या हातात दिला, आणि पुन्हा हाक मारली नाही. तेविसाव्या तारखेला गेले. मंडाईच्या विद्युतदाहिनीत शेवटचे विधी मी केले, बरोबर प्रबोध होते.

७. गादी, शिरपेच आणि शिक्का मी मुकुलची मुलगी ऋता हिला देते. ती बारा वर्षांची आहे. जपानात मुलीला गादी द्यावी का यावर वाद चालला होता तेव्हा मुकुल मला म्हणाला होता, "बायकांना बसवलं की घराणं संपतं." ते संपलेलं त्याला जवळून पाहायला मिळावं.

लंडनच्या पत्रावर त्याला शिक्का हवा असेल तर अट एकच. माझ्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत, याच फ्लॅटमध्ये, त्याने स्वतःच्या हाताने ऋताला शिरपेच बांधून गादीवर बसवावं. मग मागच्या खोलीत जावं, दार लावून घ्यावं आणि अकरा दिवस तिथे राहावं. लॅपटॉप, फोन न्यायचा नाही. जेवण साध्या वाटीतून, प्रबोध देतील. त्याला कुणी 'सरकार' म्हणणार नाही. अकरा दिवसांनी ऋता शिक्का उमटवेल. तो एक तास आधी बाहेर आला तर शिक्का प्रबोध यांनी ईस्ट कोस्टच्या समुद्रात टाकावा आणि गादी भोंगा वाजवत येणाऱ्या कारुंगुनीवाल्याला, म्हणजे इथल्या भंगारवाल्याला, रद्दीबरोबर द्यावी.

मुकुल ही अट मान्य करील. मी त्याला ओळखते, मीच वाढवला आहे.

८. खोलीतून त्याने मुलीला हाक मारली तर काय उत्तर द्यायचं, ते मी ऋताला शिकवलेलं आहे. तिचं मराठी यथातथाच, मी लांब वाक्य म्हणायला लावलं की म्हणते, "सो लाँग लाह, आजी." पण 'सरकार कामात आहेत' हे वाक्य ती आता अडखळल्याशिवाय म्हणते. दर रविवारी म्हणून घेते.

मागच्या रविवारी तिने विचारलं, "आजी, इफ डॅडी क्राइज, कॅन आय ओपन द डोर?"

मी तिला सांगितलं, आजोबांसाठी कुणी उघडलं नव्हतं. ती म्हणाली, "यू वेअर इनसाइड, आजी. यू कुड ओपन द डोर."

हे तिचं म्हणणं जसंच्या तसं नोंदवून ठेवते. अट बदलत नाही.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. साक्षीदारांना यातून काहीही मिळणार नाही, पपईसुद्धा नाही.

सही: उल्का हेमचंद्र देवखोलकर

साक्षीदार:
१. साधना यादवराव मोहिते, हौगांग (सही)
२. प्रफुल्ल वासनिक, बेडोक (सही)

स्थळ: बेडोक, सिंगापूर
दिनांक: ९ ऑक्टोबर २००८, विजयादशमी